न उचललेल्या फोनांची मिनिटं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे ट्रंकबाई म्हणत. नाव आम्ही ठेवलं नव्हतं, त्या ते जुन्या नोकरीतून सोबत घेऊन आल्या होत्या. लँडलाइन कंपनीच्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकवीस वर्षं काढली, त्यातली चौदा ट्रंक बोर्डावर. परगावचा फोन तेव्हा आपोआप लागत नसे. आधी नोंदवायचा, मग बोर्डावरची बाई दोरी खोचून दोन गावं जोडून देणार. पुढे यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला आणि बाईंना नोंदीच्या खोलीत बसवलं. तिथे काम काय, तर महिनाअखेरीला मीटरांचे फोटो काढून आले की भिंग धरून त्यावरचे आकडे वहीत उतरवायचे. तीन दिवसांचं काम. उरलेले दिवस खुर्ची उबवायची.

खुर्ची उबवणं हा बाईंचा पिंडच नव्हता. मोबाइलची नवी कंपनी निघाली आणि 'हिशेब जुळवणी' अशा काहीशा विचित्र पदासाठी माणूस हवंय असं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी त्रेचाळिसाव्या वर्षी अर्ज ठोकला. घरात गहजब झाला. सासूबाईंनी तर कपाळालाच हात लावला.

"पेन्शनची नोकरी सोडून बिनतारी नोकरी! अगं, तारच नाही त्याला, मग धरून बसणार कशाला?"

"आई, तार आहे," बाई म्हणाल्या. "लोकांना दिसत नाही एवढंच. ती कुठून कुठे जाते हे मला ठाऊक आहे, म्हणून तर मला घेतायत."

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन. ते कापड बेतता बेतता म्हणाले, "तुझं माप तू घे. उसवलं तर शिवायला मी बसलोयच."

झालं. बाई आल्या आमच्याकडे.

मी तिथे तक्रारीच्या खिडकीवर बसायचे. फर्निचरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. पुढे खिडक्या, मध्ये टेबलं, आणि मागे काचेपलीकडे मशीनची खोली. ती इतकी गार ठेवलेली असायची की तिथला इंजिनियर बारा महिने लोकरीची टोपी घालून बसे. त्याला आम्ही टोपीवाला म्हणायचो. साहेब नवे होते, तिशीतले, रोज वेगळा टाय. त्यांचं नाव अर्थातच टायसाहेब.

तेव्हाची पद्धत आज कुणाला सांगितली तर खोटी वाटेल. मोबाइलवाल्याने फोन केला तरी पैसे आणि त्याला फोन आला तरी पैसे. लोक हँडसेटवर नंबर बघायचे, कट करायचे आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून उलटा फोन लावायचे. शहरात मोबाइल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे जो तो बोलणार तो घरच्या नाहीतर दुकानातल्या लँडलाइनशीच. म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाचा आवाज हवेतून आमच्या टॉवरवर यायचा, तिथून काचेपलीकडच्या मशीनमध्ये, आणि तिथून जमिनीखालच्या केबलने रस्त्यापलीकडे लँडलाइनच्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये. पुढचं घर शोधून घंटी वाजवणं हे त्यांचं काम. त्या कामाचे ते आमच्याकडून दर मिनिटाला पैसे घ्यायचे. आमच्याकडे फोन पाठवला तर मात्र आम्हाला छदाम नाही. तार त्यांची, घंटी त्यांची, नियमही त्यांचे.

अशा चार केबल होत्या. एकेका केबलवर एका वेळी तीस जणांचं बोलणं. दोन कंपन्यांमधलं सगळं नातं त्या चार केबलींवर टांगलेलं होतं.

बाई येऊन पाच महिने झाले होते, तेव्हा ते पत्र आलं. लँडलाइन कंपनीच्या हिशेबाने आदल्या महिन्यात आमच्याकडून त्यांच्याकडे गेलेलं बोलणं होतं सात लाख साठ हजार मिनिटं. आमच्या मशीनच्या हिशेबाने सहा लाख वीस हजार. एक लाख चाळीस हजार मिनिटांची तफावत, आणि तीही सलग सहाव्या महिन्यात. आधीच्या महिन्यांत टायसाहेबांनी आपल्या आकड्याप्रमाणे पैसे भरून उरलेल्यावर 'वादग्रस्त' असा शिक्का मारून टाकला होता. आता पलीकडच्यांची सहनशक्ती संपली होती. पंधरा दिवसांत सगळी थकबाकी भरा, नाहीतर केबल बंद.

टायसाहेबांच्या पाचावर धारण बसली. त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती जमवलं.

"सरळ लूट आहे ही! उघड उघड लूट!"

"असेल," ट्रंकबाई म्हणाल्या. "पण लूट म्हणायला कुठे लुटलं ते दाखवावं लागतं. हा आकडा कोणत्या केबलचा किती, ते लिहिलंय का?"

"नाही. एकूण दिलाय."

"एकूण आकड्याशी भांडता येत नाही. तो भिंतीसारखा असतो. मला केबलवार आकडे हवेत."

"ते देणार नाहीत, बाई. मी दोनदा मागितले."

"तुम्ही मागितले. आता करारच मागेल."

बाईंनी करार वाचला होता. सगळा, पाठपोट. आमच्या ऑफिसात तो वाचलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही. नवव्या पानावर तळाशी दोन ओळी होत्या: मोजणीबद्दल वाद झाल्यास दोन्ही पक्षांना एकमेकांची मीटरं आणि नोंदी पाहण्याचा हक्क राहील. बाईंनी त्या दोन ओळी तशाच पत्रात उतरवल्या, खाली टायसाहेबांची सही घेतली आणि स्वतः रस्ता ओलांडून गेल्या. सोबत मला नेलं. "दोन माणसं असली की पाहिलेलं पाहिलं ठरतं," म्हणाल्या.

मोठ्या एक्स्चेंजचे मुख्य इंजिनियर म्हणजे मोठे साहेब. उंच, पांढऱ्या मिशा, खिशात तीन पेनं. बाईंनी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काम केलेलं. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"काय बाई, ज्या घरचं मीठ खाल्लंत त्याच घरावर जप्ती घेऊन आलात?"

"जप्ती कसली, साहेब. फोटो बघायला आलेय. मीच उतरवत होते ना आकडे? तुमच्या वहीत माझ्या हातची एकही चूक निघाली नाही, म्हणून म्हटलं तुमचीही निघायला नको."

मोठे साहेब मिशीत हसले की चिडले ते मला कळलं नाही. पण फोटो मिळाले.

नोंदीच्या खोलीत बाई आपल्या जुन्याच टेबलाशी बसल्या. आता तिथे बसणाऱ्या कारकुनाने भिंग पुढे केलं. पहिली केबल: आमच्या आकड्यापेक्षा दोनशे मिनिटांचा फरक. दुसरी: दीडशे. तिसरी: तीनशेही नाही. एवढं इकडेतिकडे चालायचंच. मग चौथी. आमचा आकडा अठ्ठ्याऐंशी हजार. त्यांचा दोन लाख अठ्ठावीस हजारांच्या जवळपास.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "इथे घोडं पेंड खातंय."

येताना रस्त्यात मी म्हटलं, "म्हणजे चौथ्या केबलचं मीटर बिघडलंय."

"बिघडलेलं मीटर वेडंवाकडं पळतं. एका महिन्यात जास्त, एकात कमी. हे सहा महिने सारखंच जास्त दाखवतंय. हे बिघडलेलं नाही, कुणीतरी लावलेलं आहे. का लावलं ते शोधायचं."

दुसऱ्या दिवशी बाई टोपीवाल्याकडे गेल्या. अंगावर नवऱ्याचा जाड कोट.

"मला सांगा, फोन लागला पण कुणी उचललाच नाही, तर मशीन त्याची नोंद ठेवतं?"

"ठेवतं. पण त्याचं बिल होत नाही. पलीकडून 'उचलला' असा इशारा आला की मगच आपलं घड्याळ सुरू होतं. इशारा आला नाही की ती नोंद कचऱ्यात."

"मला तो कचरा हवाय. चौथ्या केबलचा, सगळ्या महिन्याचा."

"बाई, टेबल पुरणार नाही."

"जमीन आहे की."

खरंच तीन दिवस बाई जमिनीवर बसून होत्या. सभोवती छापील कागदांच्या चळती, हातात लाल पेन्सिल. जेवायच्या सुट्टीत मीही बसायचे. हजारो ओळी. लाइन केव्हा धरली, केव्हा सोडली, कुठल्या नंबरला. बहुतेक ठिकाणी पंधरा सेकंद, तीस सेकंद, पाऊण मिनिट. घंटी वाजली, कुणी नव्हतं, ठेवून दिला. नाहीतर लाइन व्यस्त होती. पण मधूनमधून एक मिनिट, दोन मिनिटं, अडीच मिनिटं. आणि कितीतरी ओळी बरोब्बर तीन मिनिटांच्या.

"अडीच मिनिटं घंटी ऐकत कोण उभं राहतं?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. "आणि हे बघ. अशा लांबलचक ओळींचे सगळे नंबर चोवीसने सुरू होतात."

चोवीस म्हणजे जुना बाजार. घाऊक कापड, लोखंड, कागद, दोरखंड यांची चिकटून चिकटून उभी दुकानं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत जाऊन खिडकीवरची तक्रारवही आणली. गेले कित्येक महिने मी त्यात एकच तक्रार लिहून घेत होते आणि टोपीवाल्याकडे पाठवत होते. 'जुन्या बाजारात फोन केला की बोलता बोलता कट होतो.' एका प्लंबरने तर वेळ लावून बघितली होती. त्याने लिहिलं होतं, 'नळाची मापं सांगत असतानाच तुटतो. घड्याळ लावून तीन मिनिटं.'

बाईंनी ती ओळ वाचली आणि मला जवळ ओढून पाठीत धपाटा घातला. "काखेत कळसा नि गावाला वळसा! तुझ्या वहीत सगळं होतं की गं!"

मग त्यांनी मला आणि टोपीवाल्याला उलगडून सांगितलं. जुन्या बाजारातलं एक्स्चेंज शहरातलं सगळ्यात म्हातारं. फोन उचलला गेला तरी ते 'उचलला' असा इशारा मागे पाठवतच नव्हतं. त्यामुळे आमच्या मशीनला वाटायचं, घंटीच वाजतेय. माणसं बोलतायत आणि मशीन वाट बघतंय. तीन मिनिटं वाट बघून ते कंटाळायचं आणि लाइन तोडायचं. बिल शून्य.

"म्हणजे तीन मिनिटं फुकट?" टोपीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, चोवीसचे कॉल चौथ्या केबलवरून पाठवा असं अगदी सुरुवातीला त्यांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, असेल काहीतरी. त्या केबलवर जागा उरली की बाकीच्या शहराचे कॉलही तिच्यावरून जातात."

"आणि हे फुकटचं बोलणं पलीकडे कुणाच्या तरी लक्षात आलं. मग त्यांनी काय केलं असेल? चौथ्या केबलवर इशाऱ्याची वाटच बघायची नाही. लाइन धरल्या क्षणापासून मीटर सुरू. त्यात बाजाराचं खरं बोलणं मोजलं गेलं, पण सगळ्या शहरातल्या न उचललेल्या घंट्याही मोजल्या गेल्या. सुक्याबरोबर ओलंही जळलं."

बाई हे सांगायला टायसाहेबांकडे गेल्या. साहेब आधी खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मग हळूहळू खाली बसले.

"म्हणजे ते न उचललेल्या फोनांचे पैसे लावतात, हे आपण सिद्ध करू शकतो."

"हो."

"उत्तम. मग बाजाराचं मात्र बोलायचं नाही. तो त्यांचा गलथानपणा. आपल्या मशीनने शून्य मोजलं, आपण शून्यच धरणार."

"तसं नाही चालायचं, साहेब."

"का?"

"एक तर ते बोलणं झालंय. त्यांच्या तारेवरून झालंय. आणि दुसरं, ज्या कलमाने मी त्यांचे फोटो पाहिले, तेच कलम उद्या त्यांना आपले कागद दाखवेल. मोठे साहेब ते मागतीलच, मी त्यांना ओळखते. मागितल्यावर द्यायचं की आपणहून समोर ठेवायचं, एवढंच आपल्या हातात आहे. आपणहून ठेवलं तर न उचललेल्या घंट्यांबद्दल आपण जे सांगू ते ते ऐकतील."

टायसाहेबांनी टायचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही बोला मग. मी नुसता बसेन."

"बसा. पण सरळ बसा," बाई म्हणाल्या. एवढ्या साहेबाला असं बोलायची आमची कुणाची छाती नव्हती.

मुदतीला सहा दिवस उरले असताना दोन्ही कंपन्यांची मिळून चाचणी ठरली. सकाळी अकराची वेळ. मोठ्या एक्स्चेंजच्या मीटरांच्या दालनात मोठे साहेब, त्यांचा कारकून, टायसाहेब, बाई आणि मी. भिंतभर मीटरं, बोटाच्या पेराएवढाल्या काचांमागे काळे आकडे. सहा सेकंदांना एक टिक. टोपीवाल्याने बाईंच्या हातातला हँडसेट असा लावून ठेवला होता की तो फक्त चौथ्या केबलच्या सातव्या लाइनवरूनच जाईल. फोन लावायचा होता बाईंच्याच घरी, आणि घरी कुणी उचलायचा नव्हता.

बाईंनी सकाळी निघताना घरी पन्नासदा बजावलं होतं. तरी पहिल्या फोनला चौथ्या घंटीला खटकन आवाज आला आणि सासूबाई इतक्या जोरात बोलल्या की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"हॅलो! कोण आहे? आत्ता कुणी फोन करू नका हो, आमच्याकडे फोन उचलायचा नाहीये!"

कारकून तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळला. मोठे साहेबसुद्धा खोकल्यासारखं करायला लागले.

"आई," बाई म्हणाल्या, "तो मीच करतेय."

"अगं, मग वाजतोय तर नुसतं बघत बसू? जीव वरखाली होतो. कुणाचं काही बरंवाईट असलं म्हणजे?"

"सगळे खुशाल आहेत. आता परत वाजेल. तुम्ही हात मांडीखाली घालून बसा."

"बसते बाई. कसली ही नोकरी!"

दुसऱ्यांदा फोन लावला. घंटी सुरू झाली. कुणी उचलला नाही. आणि दालनातल्या त्या शांततेत सातव्या लाइनच्या काचेमागचा आकडा हलला. टिक. आणखी सहा सेकंदांनी पुन्हा टिक. पलीकडे घरात घंटी वाजतेय, म्हातारी हात मांडीखाली घालून बसली आहे, शिंप्याने मशीन थांबवलं आहे, एक शब्दही कुणी बोललेलं नाही, आणि मीटर बोलण्याचे पैसे मोजत चाललंय. तीन मिनिटांनी लाइन आपोआप तुटली. आकडा तीस घरं पुढे गेला होता. तिसऱ्यांदा लावला. परत तीस.

मग बाईंनी तोच फोन पहिल्या केबलवरून लावायला सांगितला. तिथल्या काचेमागचा आकडा तीन मिनिटं जागचा हलला नाही.

मोठे साहेब आपल्या खोलीत गेले. आम्ही मागोमाग. ते बसले, एक पेन काढलं, परत खिशात ठेवलं.

"मीच सांगितलं होतं तसं लावायला," ते म्हणाले. "सहा महिन्यांपूर्वी. बाजाराचं एक्स्चेंज इशारा देत नाही. तुमची गिऱ्हाइकं फुकट बोलत होती."

"मला कळलं ते, साहेब."

"कळलं?" त्यांनी मान वर केली.

बाईंनी पिशवीतून लाल खुणा केलेली चळत काढून त्यांच्यापुढे ठेवली. "चोवीसने सुरू होणारे सगळे कॉल. एकूण एक. आम्ही याचं बिल कधी केलं नाही. हे तुमचं येणं आहे."

मोठ्या साहेबांनी पाचसहा पानं उलटली. मग टायसाहेबांकडे बघितलं. टायसाहेब सरळ बसले होते.

"तेव्हाच आम्हाला सांगायचं होतं, साहेब," बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

बाईंनी जरा विचार केला. "मी नव्हते तेव्हा तिकडे, मोबाइलमध्ये. मी असते तर ऐकलं असतं."

यावर मात्र मोठे साहेब मोकळेपणी हसले.

तरी एक गाठ उरलीच. बाजाराच्या कॉलमध्ये घंटीचा वेळ किती आणि बोलण्याचा किती, हे कुणाच्याच मशीनला माहीत नव्हतं. प्रत्येक कॉलमागे घंटीचे म्हणून काही सेकंद वजा करायला हवे होते. मोठे साहेब म्हणाले, दहा. टायसाहेबांचा आतापर्यंत आवरून धरलेला बांध फुटला, म्हणाले, चाळीस. दोघेही बाईंकडे बघू लागले.

"चौदा वर्षं मी लोकांच्या घंट्या कानाने मोजल्यात," बाई म्हणाल्या. "घरातलं माणूस सहाव्या-सातव्या घंटीला उचलतं. हात ओले असतात, मूल कडेवर असतं. दुकानदाराचा फोन हाताशी असतो आणि गिऱ्हाईक जाईल याची त्याला धास्ती असते. तो तिसरीला उचलतो. बाजार सगळा दुकानांचा. बारा सेकंद."

टेबलाखाली टायसाहेबांनी बाईंना पायाने डिवचलं. नेम चुकला आणि लागलं मला. बाई आपल्याच बोलण्यात होत्या. "पटत नसेल तर चला, बाजारात जाऊन पन्नास दुकानांना फोन लावून बघू."

गेलोही. पुढचे दोन दिवस कारकून आणि मी हातात घड्याळ घेऊन पन्नास दुकानांत उभे राहिलो. सरासरी निघाली तेरा. बाई म्हणाल्या, "तेरा तर तेरा." एका सेकंदासाठी त्या हटून बसल्या नाहीत.

हिशेब असा सुटला. त्या महिन्याच्या एक लाख चाळीस हजार मिनिटांपैकी ब्याण्णव हजार न उचललेल्या आणि व्यस्त फोनांची, आणि उचलण्याआधीच्या घंट्यांची होती. ती लँडलाइन कंपनीने सोडली. अठ्ठेचाळीस हजार बाजारातल्या खऱ्या बोलण्याची होती. ती आम्ही मान्य केली. मागचे पाच महिनेही त्याच मापाने कापले. चौथ्या केबलचं मीटर बाकीच्या तिन्हींसारखं उचलल्यावर चालू होणारं केलं, आणि बाजाराच्या एक्स्चेंजला इशारा देणारं एक छोटं यंत्र मोठ्या साहेबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलं. केबल बंद करण्याचं पत्र मागे आलं, तेव्हा मुदत संपायला एक दिवस उरला होता.

खरी धमाल त्यानंतर माझ्या खिडकीवर झाली. पहिल्याच बिलाबरोबर बाजारातले व्यापारी आणि त्यांचे नेहमीचे लोक झुंडीने आले. आधी कट होतो म्हणून ओरडणारे आता कट का होत नाही म्हणून ओरडायला लागले. एक दोरखंडवाले काउंटरवर मूठ आपटून म्हणाले, "तीन मिनिटं फुकट होती, ती कुणी बंद केली?"

"फुकट आहेत असं कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? अख्खा बाजार पावणेतीन मिनिटांत आटपत होता! ठेवायचा आणि परत लावायचा!"

तेवढ्यात बाई मागून आल्या. त्यांनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "शेठ, तुमच्याकडून कुणी दोर नेला आणि मोजताना गज चुकला, तर तुम्ही काय करता?"

"चुकू कशाला देईन मी?"

"आम्हीही आता चुकू देत नाही. पण एक सांगते. पूर्वी तुमचं बोलणं तुटायचं, आता तुटणार नाही. मोठा सौदा पावणेतीन मिनिटांत होतो का कधी?"

शेठ पुटपुटत गेले. गेले पण कनेक्शन ठेवलं. बऱ्याच जणांनी ठेवलं.

महिनाभराने मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. वरच्या पगारावर परत या, मोजणीचा सगळा विभाग तुमच्या हाताखाली देतो, म्हणाले. बाई घरी गेल्या, नवऱ्याशी बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नम्रपणे नकार देऊन आल्या. मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, "तिकडे गेले तर एका बाजूची होईन. आत्ता मला दोन्हीकडचे लोक खुर्ची देतात." त्याऐवजी त्यांनी साहेबांकडून एक गोष्ट मागून घेतली होती. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन्ही कंपन्यांच्या माणसांनी एका टेबलाशी बसायचं, केबलवार आकडे समोरासमोर वाचायचे आणि फरक त्याच दिवशी शोधायचा. बिलं त्यानंतर.

ही पाच तारीख पुढे चौदा वर्षं बाईंनी चालवली. दुसरी मोबाइल कंपनी आली, तिसरी आली, आणि त्याच टेबलाला खुर्च्या वाढत गेल्या. चार केबलींच्या चारशे झाल्या. येणाऱ्या फोनचे पैसे बंद झाले, तेव्हा लँडलाइनवाल्यांनीही आम्हाला आमच्या घंटीचे पैसे द्यायचं कबूल केलं. त्या वाटाघाटीत दर किती असावा यावर वरचे साहेब लोक आठ महिने भांडले, पण मिनिटं किती यावर एकदाही भांडण झालं नाही. ते टेबलाशी आधीच मिटलेलं असायचं. प्रतिस्पर्धी कंपन्यांतली नवी माणसंसुद्धा बाईंकडे शिकायला यायची. टायसाहेब कुरकुरायचे, आपलं गुपित वाटताय म्हणून. बाई म्हणायच्या, "समोरच्याला मोजता आलं नाही तर माझा वेळ जातो."

त्या निवृत्त झाल्या तो दिवस पाच तारखेलाच आला. केक आणला होता, टायसाहेब भाषण लिहून आले होते. एव्हाना ते फार मोठे साहेब झाले होते, पण टाय तसाच. त्या महिन्यात एका कंपनीशी दोनशे चौदा मिनिटांचा फरक निघाला होता. कोट्यवधी मिनिटांत दोनशे चौदा! सगळे म्हणाले, सोडा हो बाई, आज तरी सोडा.

"सोडते," बाई म्हणाल्या, "पण कुठली सोडली ते बघून सोडते."

त्यांनी चष्मा लावला, कागद ओढले आणि शेजारी बसलेल्या पलीकडच्या कंपनीच्या मुलीला एकेक ओळ वाचायला सांगितली. केकवरची क्रीम पंख्याखाली वितळायला लागली. पाऊण तासाने त्या मुलीनेच एका ओळीवर बोट ठेवलं. तिच्याच कंपनीने एका तपासणीच्या दिवशी लावलेले चाचणीचे कॉल बिलात धरले गेले होते. ती ओशाळली.

"ओशाळतेस काय," बाईंनी चष्मा मिटला. "सापडलं ना तुला? मग पुढच्या महिन्यापासून ही खुर्ची तुझी."

आणि त्या उठून केक कापायला गेल्या.